सहा लाखांचा साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स करावा का?

प्रश्न असा आहे: मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. हार्मोनियमच्या परीक्षा दिल्या आहेत, घरी लॅपटॉपवर गाणी रेकॉर्ड करते. मुंबईतल्या एका खाजगी संस्थेत ऑडिओ इंजिनिअरिंगचा एका वर्षाचा डिप्लोमा आहे. फी सहा लाख अधिक जीएसटी. शैक्षणिक कर्ज काढून पाठवावं का?

कर्ज काढून पाठवू नका. घरात पैसे बाजूला ठेवलेले असतील तर विचार करता येईल, पण तेव्हाही पदवीनंतर, बारावीच्या पाठोपाठ नको. आणि पैसे द्यायचेच झाले तर एकाच गोष्टीचे द्या: तिच्या स्वतःच्या हाताखाली डेस्क, म्हणजे आवाज मिसळण्याचा मिक्सर, किती तास येणार, आणि त्या तासांत चूक दाखवणारं जाणतं माणूस शेजारी असणार की नाही. या विषयातलं बाकीचं जवळजवळ सगळं आज फार थोड्या पैशांत शिकता येतं.

आधी खरी रक्कम काढू. सहा लाखांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ लाख ८ हजार, फी झाली ७ लाख ८ हजार. कायद्याने मान्य असलेली पदवी किंवा पदविका देणाऱ्या शिक्षणावर जीएसटी लागत नाही. संस्था तो लावते आहे म्हणजे तिचा डिप्लोमा त्या गटात बसत नाही, हे पावतीच सांगते. मुंबईत पीजी, डबा, लोकलचा पास असे महिना वीस हजार धरले तर वर्षाचे २ लाख ४० हजार. लॅपटॉप, हेडफोन, हार्ड डिस्क यांना एक लाख. एकूण साडेदहा लाखांच्या घरात गेलं.

यातले आठ लाख ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी उचलले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,७०० रुपये बसतो आणि शेवटी साडेअकरा लाख फेडले जातात. कोर्स चालू असताना आणि पुढचे काही महिने हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असेल तर दीड वर्षाचं व्याज होतं १ लाख ३२ हजार. ते वेळच्या वेळी भरलं नाही की मुद्दलात मिळतं आणि हप्ता सोळा हजारांच्या आसपास जातो. शिवाय साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, म्हणजे गावाकडचं घर किंवा जमीन यात गुंतते.

समोर उत्पन्न काय? डबिंग स्टुडिओत किंवा पोस्ट प्रॉडक्शनमध्ये नवख्या असिस्टंटला पहिल्या वर्षी महिना पंधरा-वीस हजार मिळतील, असंच धरून चाला. काही ठिकाणी पहिले तीन महिने फक्त येण्याजाण्याचा खर्च देतात. या धंद्यात पहिली दोन-तीन वर्षं कमी पैशात काढावी लागतात, कारण काम ओळखीने मिळतं आणि ओळख व्हायला तेवढा वेळ लागतोच. सोळा हजारांचा हप्ता नेमका याच काळात येतो. मग मूल कॉल सेंटरची नोकरी धरतं, संध्याकाळचं सेशन चुकतं, बोलावणं थांबतं. कर्जाचा खरा तोटा इथे आहे, व्याजात नाही.

तासांचा हिशोब

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: ४० आठवडे, आठवड्याला चार दिवस, रोज तीन तास. म्हणजे ४८० तास. त्यातलं अर्धं वर्गातलं व्याख्यान असतं, उरले २४० तास प्रात्यक्षिकाचे. बॅच सोळा जणांची आणि स्टुडिओ एक, म्हणून चार-चार जणांचे गट पाडतात. एका गटाच्या वाट्याला ६० तास. गटात चार जण, त्यामुळे फेडरवर, म्हणजे डेस्कवरच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीवर, स्वतःचा हात असण्याचे तास १५. आता ७ लाख ८ हजार भागिले १५ करा: तासाला ४७,२०० रुपये.

दुसऱ्याचं काम बघतानाही शिकायला होतं, हे खरं. पण बघणं आणि करणं यांत पोहणं बघण्याइतका आणि पाण्यात पडण्याइतका फरक आहे. पुण्यात किंवा मुंबईच्या उपनगरांत छोटा, पण नीट बांधलेला रेकॉर्डिंग स्टुडिओ इंजिनिअरसकट हजार-बाराशे रुपये तासाने मिळू शकतो. दुपारची रिकामी वेळ घेतली तर त्याहून कमीत. एक लाख रुपयांत असे ऐंशी-शंभर तास होतात, आणि त्या तासांत डेस्क पूर्णपणे आपल्या ताब्यात असतो.

एक गोष्ट मात्र हा सगळा हिशोब पालटू शकते: रात्रीचे स्लॉट. काही संस्था वर्ग संपल्यावर विद्यार्थ्यांना स्टुडिओ बुक करू देतात. आठवड्याला सहा तास जरी स्वतःच्या नावावर मिळाले, तर ४० आठवड्यांत २४० तास होतात. आधीचे १५ धरून २५५. तासाचा दर २,८०० रुपयांच्या खाली आला. महाग आहेच, पण आता त्या पैशांत काहीतरी पदरात पडतंय. त्यामुळे संस्थेत गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा, आणि नुसत्या "हो, मिळतो ना" वर थांबू नका. गेल्या तीन महिन्यांची बुकिंगची वही किंवा शीट दाखवा म्हणा. एक स्टुडिओ आणि तीन बॅचेस असतील तर तो स्लॉट कागदावरच राहतो.

घरी काय शिकता येतं, काय नाही

सॉफ्टवेअर घरी शिकता येतं, त्याला एक रुपयाही फी देऊ नये. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस मोफत वापरून बघता येतं आणि नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो. व्यावसायिक स्टुडिओंत प्रो टूल्स चालतं, त्याची इंट्रो आवृत्ती मोफत आहे. आठ ऑडिओ ट्रॅकचीच मर्यादा आहे, पण शॉर्टकट आणि एडिटची पद्धत हातात बसवायला तेवढं पुरतं. बेहरिंगर एक्स-३२ हा डिजिटल मिक्सर लहान-मोठ्या साउंडवाल्यांकडे सर्रास दिसतो. त्याचं एडिटर सॉफ्टवेअर मोफत उतरवून मिक्सर समोर नसतानाही राउटिंग (कोणता आवाज कुठे पाठवायचा) आणि सीन (साठवून ठेवलेली मांडणी) शिकता येतात. नेटवर्कवरून ऑडिओ नेण्याच्या डांटे पद्धतीचे सर्टिफिकेशनचे टप्पे ऑनलाइन आणि मोफत आहेत, आणि ऑडिटोरियम बसवणाऱ्या कंपन्या त्याची विचारणाही करतात.

कानही घरीच तयार होतो. ६३, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झ हे आवाजाचे खालून वरपर्यंतचे आठ पट्टे. चालू गाण्यात यातला एखादा १२ डेसिबलने वाढवलेला ओळखायचा. दहापैकी नऊ बरोबर यायला लागले की ६ डेसिबल, मग ३. रोज पंधरा मिनिटं. आठवड्यातून एकदा दोन तास बसून उपयोग नाही, कान थकतो आणि शेवटचा तास वाया जातो. सुरुवातीला एक चूक हमखास होते: मोठा आवाज चांगला वाटतो. ईक्यू (ठरावीक पट्टा कमी-जास्त करण्याची सोय) लावला, आवाज २ डेसिबलने वाढला आणि "सुधारलं" असं वाटलं. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंची पातळी सारखी करायची, तरच सुधारणा खरी आहे की नाही ते कळतं.

घरी शिकता येत नाही ती खोली. दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झला आवाज अडकून घुमतो, बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ ला. छतही दहा फुटांवर असेल तर ५६ दुप्पट जोराने घुमतो. खुर्ची एका जागी ठेवली तर बेस प्रचंड ऐकू येतो, दोन फूट मागे सरकवली तर गायब. अशा खोलीत केलेलं मिक्स गाडीत लावलं की एकतर पोकळ वाटतं किंवा धबधबा. भिंतीला एक इंची फोम लावून हे सुटत नाही. तो फोम फक्त वरच्या पट्टीतली चमक खातो आणि खोली अधिकच गढूळ करतो. घनमीटरला ४८ किलो घनतेचं चार इंची रॉकवूल (दगडी लोकर) भिंतीपासून चार इंच सोडून आणि कोपऱ्यांत लावलं तर २०० हर्ट्झच्या आसपासचा आणि थोडा त्याखालचाही गोंधळ आवरतो. ५६ ला मात्र तेही कमीच पडतं. म्हणून घरात डायलॉग एडिट, पॉडकास्ट, ऑडिओबुक ही कामं हेडफोनवर निभावतात. बेसचे निर्णय नीट खोलीत बसूनच घ्यावे लागतात. कोर्सचे पैसे ज्या थोड्या गोष्टींसाठी द्यावेत, त्यांत ही खोली आहे.

दुसरी गोष्ट चूक दाखवणाऱ्या माणसाची. एकच उदाहरण जवळून बघा, कारण एकटीने शिकताना नेमकी हीच चूक वर्षभर कळत नाही.

मंडपात तबल्याला दोन माईक लावले आहेत, एक दायाँला, एक बायाँला. एक्सएलआर केबलमध्ये, म्हणजे माईकच्या तीन पिनांच्या केबलमध्ये, पिन १ ला शील्ड, पिन २ ला हॉट, पिन ३ ला कोल्ड असतं. बायाँच्या केबलमध्ये जोडताना २ आणि ३ ची अदलाबदल झाली आहे. फक्त दायाँचा फेडर वर केला, आवाज ठीक. फक्त बायाँचा वर केला, तोही ठीक, घुमारा भरपूर. दोन्ही एकदम वर केले की घुमारा पातळ होतो, तबला पत्र्यावर वाजवल्यासारखा लागतो. कारण बायाँचा आवाज दोन्ही माईकमध्ये जातो आणि एक वर ढकलत असताना दुसरा खाली ओढतो. खालच्या पट्टीत दोघं एकमेकांना खाऊन टाकतात.

नवखं पोर अशा वेळी बायाँच्या चॅनेलला ८० हर्ट्झवर ८ डेसिबल चढवतं. तबला सुधारत नाही, पण त्या माईकमध्ये शिरणारा मंडपातल्या सबचा (बेसच्या स्पीकरचा) घुमा आठ डेसिबलने वाढतो आणि पाच मिनिटांत फीडबॅक येतो, म्हणजे स्पीकरचा आवाज माईकमध्ये फिरून घुमायला लागतो. शेजारी जाणतं माणूस असेल तर ते हात लावायच्या आधी विचारतं, "एकेकटा ऐकलास का? पोलॅरिटीचं बटण दाबून बघितलंस?" ते बटण सिग्नल उलटा करतं, दाबताक्षणी घुमारा परत येतो. कार्यक्रम झाल्यावर ती केबल उघडून पुन्हा झाळायची. हा धडा दहा सेकंदांचा आहे, पण सांगायला कोणी नसलं तर मूल वर्षभर ईक्यूच्या नावाने खडे फोडत बसतं.

यासाठी कोर्सच हवा असं मात्र नाही. गावच्या चांगल्या साउंडवाल्याकडेही असं माणूस असतं. आणि त्याच्याकडे शिकायला मिळणारी एक गोष्ट स्टुडिओतल्या शिक्षणात अनेकदा राहूनच जाते, ती म्हणजे वीज. मंडपात जनरेटरची थ्री फेज लाइन येते. न्यूट्रल ढिला झाला की २३० व्होल्टच्या जागी एखाद्या फेजवर ३५०-४०० पर्यंत व्होल्टेज चढतं आणि मिक्सर, अँप्लिफायर एका झटक्यात जातात. म्हणून काहीही जोडण्याआधी मल्टीमीटरने तीन मापं घ्यायची: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. शेवटचं दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. लाइनमध्ये हम (विजेची गुणगुण) येतो म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकायची सवय अजून कितीतरी ठिकाणी दिसते. ती जीवघेणी आहे, कारण माईकला ओठ लावून उभा असलेला गायक त्याच सर्किटचा भाग असतो. हम घालवायचा असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी) लावा.

कोणतं काम करायचंय, त्यावर उत्तर बदलतं

"साउंड इंजिनिअर" हा एक शब्द आहे, पण कामं सहा-सात वेगवेगळी आहेत आणि त्यांना लागणारं शिक्षणही एकसारखं नाही.

लाइव्ह साउंड, म्हणजे ऑर्केस्ट्रा, लग्न, कीर्तन, सभा, गोव्यातला हिवाळ्याचा हॉटेल आणि बँडचा हंगाम. यासाठी महागडा कोर्स घेऊ नये. इथे शंभर कार्यक्रमांचा अनुभव हेच शिक्षण आहे. गणेशोत्सवापासून सुरू केलं तर लग्नसराई संपेपर्यंत एका हंगामात तेवढे कार्यक्रम होतात. पदार्थविज्ञान मात्र पक्कं हवं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे मुख्य स्पीकरपासून ३० मीटरवर लावलेल्या स्पीकरला साधारण ८७ मिलिसेकंदांचा डिले द्यावा लागतो. तो नसला की मागच्या रांगांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की फीडबॅकच्या आधी मिळणारी मोकळीक ३ डेसिबलने घटते. नाटकात आठ कॉलर माईक सतत उघडे ठेवणाऱ्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवता येत नाही तो यामुळेच. प्रवेशाप्रमाणे ज्याचा संवाद, त्याचाच माईक उघडायचा. त्यासाठी संहिता पाठ लागते, डिप्लोमा लागत नाही. आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकबंदीचा नियम २००० सालापासून आहे. वर्षातल्या मोजक्या जाहीर दिवसांनाच बारापर्यंत सूट मिळते. हे माहीत नसलेल्या इंजिनिअरमुळे आयोजकावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

चित्रपट, मालिका, ओटीटी यांतलं डायलॉग एडिट आणि लोकेशन साउंड हे काम मुंबईत सतत निघतं, आणि नवख्या मुलांचं त्याकडे फार कमी लक्ष जातं. सगळ्यांना गाणी मिक्स करायची असतात. डायलॉग एडिटमध्ये एकाच संवादाचे दोन माईक येतात, बूम (काठीवर धरलेला माईक) तोंडापासून मीटरभर आणि कॉलर माईक वीतभर अंतरावर. फरक सुमारे ८० सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण सव्वादोन मिलिसेकंद. दोन्ही एकदम चालू ठेवले की आवाज नळीतून आल्यासारखा होतो. एक निवडायचा, किंवा दुसरा तेवढा सरकवून जुळवायचा. दोन वाक्यांच्या मधली जागा रिकामी सोडली तर खोलीचा आवाज तुटल्याचं प्रेक्षकाला लगेच जाणवतं. म्हणून लोकेशनवर प्रत्येक जागी तीस सेकंद सगळ्यांना गप्प उभं करून रूम टोन घेतात आणि एडिटमध्ये तो त्या फटींत भरतात. शेवटी लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारा सरासरी आवाज, मापात बसवायची असते: नेटफ्लिक्सला संवादाच्या आधारे उणे २७ एलकेएफएस (लाउडनेसचं एकक), वरखाली दोनची सूट, ट्रू पीक, म्हणजे सर्वांत उंच टोक, उणे २ डेसिबलच्या आत. युरोपीय प्रसारणाचं माप उणे २३. हे सगळं हेडफोन, बरा लॅपटॉप आणि चिकाटी यांवर शिकता येतं. सेटवर काम करताना वेस्टर्न इंडिया मोशन पिक्चर अँड टीव्ही साउंड इंजिनिअर्स असोसिएशन या संघटनेचं कार्ड मागितलं जाऊ शकतं, त्याचे नियम आणि फी आधीच चौकशी करून ठेवा.

सिनेमाचं शेवटचं मिक्स, डॉल्बी ॲटमॉस (चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज देणारी पद्धत), मोठ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण ही कामं मात्र खोलीशिवाय शिकता येत नाहीत. तिथे चांगल्या शिक्षणाला खरोखर किंमत आहे.

चांगलं शिक्षण कुठे आहे

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेली एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. तिथे साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे. संस्था सरकारी असल्याने फी खाजगी कोर्सच्या तुलनेत खूपच कमी. जागा मोजक्या, प्रवेश परीक्षेने. २००९ साली ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टी इथलेच. या कोर्सची ताकद उपकरणांपेक्षा रचनेत आहे: दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन शिकणाऱ्या मुलांच्या फिल्म्स तिथेच बनतात आणि त्या सगळ्यांचा आवाज याच मुलांना करावा लागतो. लोकेशन, एडिट, फोली (पावलं, वस्तू यांचे आवाज स्टुडिओत करणं), मिक्स, सगळं. वर काढलेला तासांचा हिशोब इथे पूर्ण उलटा होतो. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही ध्वनीचा असाच कोर्स आहे.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोठा मुद्दा. एफटीआयआयच्या या कोर्सला पदवी लागते, आणि बारावीला फिजिक्स असावं लागतं. तुमच्या मुलीकडे फिजिक्स आहे, पदवी नाही. बारावीनंतर सात लाख घालून एक वर्षाचा खाजगी डिप्लोमा केला तरी पदवी नसतेच, आणि हा दरवाजा बंदच राहतो. परदेशात पुढे मास्टर्स करायचं तरी पदवी लागते. सरकारी प्रसारणातल्या जागांनाही मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका मागतात.

परदेशाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या नामांकित खाजगी संगीत महाविद्यालयात नुसती फीच वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आसपास जाते. तेवढं कर्ज भारतातल्या कामावर फिटत नाही. जर्मनीत डेटमोल्डला १९४९ पासून टोनमाइस्टरचं, म्हणजे संगीत आणि ध्वनितंत्र दोन्ही जाणणाऱ्या ध्वनिमुद्रकाचं, शिक्षण दिलं जातं. सार्वजनिक विद्यापीठ असल्याने फी नगण्य, पण जर्मन भाषा आणि वाद्यवादनाची कडक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठाचा टोनमाइस्टर अभ्यासक्रम १९७० पासून आहे, त्यात एक पूर्ण वर्ष प्रत्यक्ष उद्योगात काम करायला पाठवतात. या दोन्ही ठिकाणी आत येण्याआधीच संगीत आणि गणित-पदार्थविज्ञान तपासलं जातं. जिथे पैसे भरले की कोणालाही प्रवेश मिळतो, तिथलं सर्टिफिकेट बघून काम देणारा माणूस प्रभावित होत नाही. तो पहिल्या दिवशी केबल गुंडाळायला सांगतो आणि तेवढ्यावरून ओळखतो.

सात लाखांऐवजी दोन लाखांत

मुलीला जवळच्या कॉलेजात बीएस्सीला घाला, विषय फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स. हार्मोनियम सोडू देऊ नका, सुरांची समज हे या कामातलं मोठं भांडवल आहे. त्याबरोबर हे सामान घ्या: दोन माईक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस (४८ व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माईकला लागणारी वीज, देणारा), शुअर एसएम ५७ सारखा एक डायनॅमिक माईक, एक कंडेन्सर माईक, बंद कपाचे स्टुडिओ हेडफोन, दोन स्टँड, सोल्डरिंग आयर्न, मल्टीमीटर. सगळं साधारण साठ-सत्तर हजारांत होतं. स्पीकर पहिल्या वर्षी घेऊ नका, खोली नीट नसताना ते चुकीचंच सांगतात. लॅपटॉप नसेल तर सत्तर-ऐंशी हजार आणखी. उरलेल्या पन्नास-साठ हजारांत तीन वर्षांत विभागून पन्नास तास चांगला स्टुडिओ भाड्याने घ्या, प्रत्येक वेळी आधी ठरवून: आज फक्त तबला, आज फक्त गायक आणि तानपुरा, आज घरी केलेली पाच मिक्स तिथल्या स्पीकरवर ऐकायची आणि चुका लिहून काढायच्या.

पहिल्या तीन महिन्यांत दहा एक्सएलआर केबल स्वतः झाळायला लावा. प्रत्येक केबल मल्टीमीटरने तपासायची. मग सुट्यांत साउंडवाल्याकडे. सुरुवातीला बॉक्स उचलणं, केबल टाकणं, लाइनचेक (प्रत्येक माईकचा आवाज मिक्सरपर्यंत येतो का ते बघणं) एवढंच मिळेल, ते ठीक आहे. कार्यक्रम रात्री उशिरा संपतात, म्हणून परतीच्या गाडीची सोय कोण करणार हे मालकाशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या. चांगला मालक ती सोय करतो. आणि कानाला जपायला सांगा: ८५ डेसिबलला आठ तास चालतात, प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. इअरप्लग खिशात हवेतच.

पैसे कुठेही घालण्याआधी एकदा कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. काही शे रुपयांचं काम आहे. ४००० हर्ट्झच्या आसपास ऐकण्यात आधीच खळगा पडलेला असेल तर तो आत्ताच कळायला हवा.

तरीही संस्था बघायला जाणार असाल तर

चकाचक स्टुडिओ दाखवतील. तो बघा, पण विद्यार्थ्यांची तयार गाणी ऐकू नका. सेशन फाइल उघडायला सांगा. ट्रॅकना नावं आहेत का, पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास आहे की सगळं लाल पट्टीला टेकलंय, एडिटवर क्रॉसफेड (दोन तुकड्यांचा हळुवार सांधा) आहेत का, हे दोन मिनिटांत दिसतं. तुम्हाला कळत नसेल तर एखाद्या साउंडवाल्याला बरोबर न्या, त्याला चहा पाजा. शिकवणारी व्यक्ती सध्या काय काम करते ते विचारा. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हटलं तर त्यात बिनपगारी इंटर्नशिप धरली आहे का, हे लिहून मागा. गेल्या बॅचच्या मुलांशी बोलून फारसं कळत नाही, ती अजून इंटर्नशिपमध्येच असतात. त्याआधीच्या बॅचमधल्या तिघांशी बोला, आणि ती आज कशावर पोट भरतात ते विचारा. प्रवेश रद्द केला तर किती पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात, हे छापील कागदावर घ्या.

पैसे आधीच भरून झाले असतील आणि परत मिळत नसतील, तर वर्ष वाया जाऊ देऊ नका. पहिल्या आठवड्यात बुकिंगची पद्धत समजून घ्यायची आणि इतरांना नको असलेली वेळ, म्हणजे रविवारची सकाळ किंवा परीक्षेनंतरचा आठवडा, आपल्या नावावर लावायची. दर महिन्याला एक पूर्ण काम बाहेर काढायचं, एखाद्या भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण किंवा कोणाच्या शॉर्ट फिल्मचा डायलॉग एडिट, आणि ते शिक्षकासमोर ठेवून चुका मागायच्या. बारा महिन्यांनी हातात बारा सेशन असतील. काम मागायला जाताना त्यातली सगळ्यात चांगली दोन हार्ड डिस्कवर घेऊन जायची, ट्रॅकची नावं नीट लिहून.